वाक्य घराबद्दल होतं

"पण बाई, मी घराबद्दल लिहितेय."

नववीतली एक मुलगी वही पुढे धरून एवढंच म्हणाली होती. तिच्या वाक्यावर मी लाल रेघ मारली होती आणि वर माझं दुरुस्त वाक्य लिहून दिलं होतं. टेबलावर अजून पंधरा-वीस वह्यांचा गठ्ठा पडलेला होता. मी म्हटलं, "मी लिहिलंय ते बघ आणि पाच वेळा लिहून आण." तिनं दुसऱ्या दिवशी निमूटपणे लिहून आणलं. तिचं मूळ वाक्य बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं, हे कळायला मला पुढे तीन वर्षं लागली. ते कळल्यापासून मी इंग्रजी वेगळ्या तऱ्हेनं शिकवते. हे लिहिते आहे ते त्यासाठीच.

पुणे जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २७ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. त्या वर्षी आमची सहल मुंबईला गेली होती. गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवरचं मणिभवन आम्ही मुलांना दाखवलं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत असले की याच घरात उतरत. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी कोरेटा इथे राहिले होते. २०१० साली बराक ओबामा येऊन गेले. मुलांनी हे सगळं वहीत टिपून घेतलं आणि परतल्यावर मी त्यांना सहलीवर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या.

त्या मुलीनं लिहिलं होतं, "धिस हाउस हॅज बीन व्हिजिटेड बाय मार्टिन ल्यूथर किंग." खाली तशीच ओबामांची ओळ. मी दोन्ही वाक्यं खोडली आणि कर्ता पुढे आणला. "मार्टिन ल्यूथर किंग हॅज व्हिजिटेड धिस हाउस." "बराक ओबामा हॅज व्हिजिटेड धिस हाउस."

मी असं का केलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी कर्मणी प्रयोग गणितातल्या सूत्रासारखा शिकवत असे. फळ्याच्या डाव्या बाजूला कर्तरी वाक्य, उजव्या बाजूला कर्मणी, मध्ये बाण. वर्तमान पूर्णकाळ आला की हॅज किंवा हॅव, मग बीन, मग क्रियापदाचं तिसरं रूप. कर्म पुढे घ्या, कर्ता मागे ढकला, मध्ये बाय घाला. "रवी हॅज रिटन अ लेटर" याचं "अ लेटर हॅज बीन रिटन बाय रवी" झालं की झालं. परीक्षेत "चेंज द व्हॉइस" असा प्रश्न येतो आणि मुलांना त्याचा हमखास गुण मिळतो. शंभरातल्या गुणांवर मुलांचं पुढचं सगळं ठरतं, हे रोज डोळ्यांपुढे असताना हमखास गुणाचा मोह कोणत्या शिक्षिकेला होणार नाही? मला तरी झाला.

या पद्धतीला पहिला तडा एका मुलाच्या प्रश्नानं गेला. तो व्हॉइसच्या प्रश्नात कधीही चुकत नसे. एकदा तो वडिलांचा मोबाइल घेऊन शाळेत आला. बँकेचा इंग्रजी मेसेज होता, "युअर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड", पुढे रक्कम. त्यानं विचारलं, "बाई, पैसे आलेत की येणार आहेत? आणि यात बाय कुठंय?" हॅज बीनची शंभर वाक्यं त्यानं उलटीसुलटी केली होती. त्या शब्दांचा अर्थ "झालेलं आहे, आत्ता तुमच्याजवळ आहे" असा होतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी त्या दिवशी त्याला मेसेजचा अर्थ सांगितला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा तोच बाण काढला.

त्याच सुमारास घरी एक पत्र आलं. माझ्या वडिलांच्या निवृत्तिवेतनातला फरक अडला होता. त्यासाठी अर्ज केला होता, कागद जोडले होते, खेटे घातले होते. उत्तर इंग्रजीत दोन ओळींचं आलं, "युअर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड." कुणी नाकारला, का नाकारला, कोणता कागद कमी पडला, काही नाही. खाली सही होती, पण ती कळवणाऱ्याची. वडिलांनी ते पत्र घडी घालून पुस्तकात ठेवलं आणि पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. मला अतिशय राग आला. त्या कार्यालयातल्या कुणाचा चेहराच मला दिसत नव्हता, म्हणून मी तो राग वाक्यरचनेवर काढला. हॅज बीन म्हणजे लपायची जागा, असं माझ्या मनानं घेतलं.

मग जॉर्ज ऑर्वेल हाती आला. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या या लेखकानं १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर एक निबंध लिहिला. त्याच्या शेवटी लेखनाचे सहा नियम दिले आहेत. चौथ्या नियमाचा आशय असा की, कर्तरी रचना वापरता येत असेल तिथे कर्मणी कधीही वापरू नका. मला वाटलं, माझ्याच मनातलं कुणीतरी लिहून ठेवलंय. तो नियम मी मोठ्या अक्षरात लिहून वर्गात लावला. "चेंज द व्हॉइस" परीक्षेपुरतं, पण निबंधात, पत्रात, सहलीच्या वर्णनात कर्मणी वाक्य दिसलं की रेघ. मी मुलांना सांगत असे, ज्याला जबाबदारी घ्यायची आहे तो कर्ता पुढे ठेवतो. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचं ते घडी घातलेलं पत्र असे. या नियमापायीच मी त्या मुलीची वाक्यं खोडली.

माझं मत बदललं ते दोन छोट्या वाक्यांमुळे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९७०च्या आसपास ती चर्चेत आणली. पहिलं वाक्य असं, "आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन." दुसरं, "प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन." माझ्या फळ्यावरच्या बाणानं पाहिलं तर दोन्ही एकच. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानाला पहिलं वाक्य खटकतं आणि दुसरं चालतं. कारण आइन्स्टाइन १९५५ साली वारले. "हॅज व्हिजिटेड" म्हणताच असं वाटतं की ते हयात आहेत आणि प्रिन्स्टनची भेट त्यांच्या गाठीशी आहे. प्रिन्स्टन मात्र जागेवर आहे. आइन्स्टाइन येऊन गेल्याचा इतिहास त्या गावाजवळ आजही आहे, म्हणून गाव पुढे ठेवून केलेलं वाक्य बसतं.

हे वाचताना मला मणिभवन आठवलं. किंग यांची १९६८ साली हत्या झाली. घर लॅबर्नम रोडवर उभं आहे. मुलीचं वाक्य होतं, "या घराला किंग यांनी भेट दिलेली आहे." ते घराबद्दल होतं आणि तंतोतंत बरोबर होतं. माझ्या दुरुस्तीनं मेलेला माणूस हयात ठरला होता. ओबामांच्या वाक्यात माझी दुरुस्ती व्याकरणानं खपून गेली, कारण ते हयात आहेत. पण तिथेही वाक्य घराबद्दलचं राहिलं नाही, ओबामांबद्दलचं झालं. आणि ती मुलगी मला नेमकं हेच सांगत होती. तिनं व्याकरणातली एकही संज्ञा वापरली नव्हती. "मी घराबद्दल लिहितेय" या तीन-चार शब्दांत सगळा कर्मणी प्रयोग होता.

नंतरच्या अभ्यासकांनी चॉम्स्कींच्या उदाहरणाला एक पुरवणी जोडली, ती मला अधिकच पटली. समजा, प्रिन्स्टनला कोणकोणते नोबेल विजेते येऊन गेले याचीच चर्चा चालू आहे. अशा वेळी "आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन" हे वाक्यही खटकत नाही, कारण बोलणं मुळात प्रिन्स्टनबद्दलच चाललेलं असतं. म्हणजे निर्णय सूत्रानं होत नाही. बोलणं कशाबद्दल चाललंय, यानं होतो. इतकी वर्षं मी मुलांना व्हॉइस बदलायला लावला, पण "तुझं वाक्य कशाबद्दल आहे?" असं कधी विचारलं नव्हतं.

मग मी माझी सगळी शिकवणी नव्यानं तपासायला बसले. पहिला धक्का "बाय"नं दिला. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं इंग्रजीचं मोठं व्याकरण १९८५ साली आलं. त्यात नोंद आहे की इंग्रजीतल्या कर्मणी वाक्यांपैकी पाचांत सुमारे चार वाक्यांना कर्ता जोडलेलाच नसतो. माझ्या फळ्यावर मात्र पाचांपैकी पाच वाक्यांना तो असे. बँकेच्या मेसेजमध्ये बाय शोधणारा तो मुलगा माझ्याच शिकवणीचं फळ होता. इंग्रजी माणूस सहसा जे बोलतच नाही, ते मी पाठ करून घेत होते.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली होती आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली होती. मराठी. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, असा माझा दंडक होता. वास्तविक कर्मणी प्रयोग समजायला मराठी मुलाइतकं भाग्यवान मूल शोधून सापडणार नाही. आपण "रामाने आंबा खाल्ला" आणि "रामाने पोळी खाल्ली" म्हणतो. राम तोच, पण क्रियापद आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे बदलतं. संस्कृतातल्या "रामेण फलं खादितम्" या कर्मणी रचनेचा हा वारसा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिलं. आपल्याकडे प्रयोगांचा इतका बारकाईनं विचार झालेला आहे, आणि मी वर्गात पॅसिव्ह म्हणजे साहेबाच्या घरची वस्तू असल्यासारखी शिकवत होते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं एक प्रकार पाठ करतात, समापन कर्मणी. "त्याची गोष्ट सांगून झाली." "तिचा डबा भरून झाला." क्रिया संपली आणि तिचं फळ समोर आहे, एवढंच ही रचना सांगते. तिला "आहे" जोडा, "डबा भरून झाला आहे", "अंगण झाडून झालंय". घराघरांत दिवसातून वीस वेळा हे ऐकू येतं. "द टिफिन हॅज बीन पॅक्ड" या वाक्याचं याहून जवळचं नातेवाईक मला सापडलेलं नाही. आई विचारते, "भांडी घासून झाली का?" तिला कुणी घासली यात रस नसतो. आता ओटा मोकळा आहे का, एवढंच तिला हवं असतं. हॅज बीन तेच सांगतं. याउलट "पत्र रवीकडून लिहिले गेले आहे" असं आम्ही वर्गात भाषांतर करून घेत होतो. तसं माझ्या गावात कुणी बोलत नाही. ज्या मराठीत मूल जगत नाही तिच्या आधारानं त्याला इंग्रजी कसं कळावं?

अर्थात मराठीची वाट सगळीकडे थेट इंग्रजीपर्यंत जात नाही. "परीक्षा काल रद्द करण्यात आली आहे" हे मराठीत चालून जातं. इंग्रजीत हॅज बीन कॅन्सल्डच्या शेजारी यस्टरडे बसत नाही. काल म्हटलं की गोष्ट कालच्या खुंटीला टांगली गेली, मग वॉज कॅन्सल्ड म्हणायचं. हॅज बीनला आजशी धागा लागतो. आमची मुलं इथे हटकून चुकतात आणि मी "नियम आहे, पाठ करा" म्हणून पुढे जात असे. आता मी दोन्ही वाक्यं शेजारी लिहिते आणि फरक मुलांनाच शोधायला लावते. आपल्या "आहे"ला काल चालतो, त्यांच्या "हॅज"ला चालत नाही, हे ती एकदा स्वतः बोलली की सहसा विसरत नाहीत.

राहिला प्रश्न लपण्याचा. वडिलांच्या पत्राचा राग अजूनही गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात गंभीर चुका केल्या गेल्या, अशा अर्थाचं वाक्य देशापुढे उच्चारलं. कुणी केल्या, ते वाक्यात नव्हतं. असं लपणं जगभर चालतं आणि ते ओळखायला मुलांना शिकवलंच पाहिजे. पण कर्तरी वाक्य प्रामाणिक असतं, ही माझी समजूत खोटी होती. २६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून सांगितलं की राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे. वाक्य शुद्ध कर्तरी, कर्ता ठळकपणे पुढे. सही राष्ट्रपतींची होती हेही खरं. पण निर्णय पंतप्रधानांचा होता. मंत्रिमंडळाला तो सही झाल्यानंतर, त्या सकाळी कळला. कर्ता सांगूनही खरा करणारा झाकता येतो. माझ्या वर्गातल्या भिंतीवरच्या नियमानं हे वाक्य बिनबोभाट सोडून दिलं असतं.

कर्ता न सांगण्यात दर वेळी लबाडी असते, हेही खरं नाही. देवीच्या रोगाचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं. "स्मॉलपॉक्स हॅज बीन इरॅडिकेटेड." या वाक्यामागे बाय लावून कुणाकुणाची नावं लिहायची? वाड्यावस्त्यांवर चालत गेलेले लस टोचणारे, रोग्यांचा माग काढणारे, दंड पुढे करणारी माणसं, किती देशांतली, किती पिढ्यांतली. इथे कर्ता न सांगणं हा त्या सगळ्यांचा मान आहे. वाक्य रोगाबद्दल आहे, तो आता नाही, ही बातमी आहे. ऑर्वेलच्या चौथ्या नियमात ही वाक्यं बसत नाहीत, म्हणून मी तो निबंध पुन्हा उघडला. सहावा नियम सांगतो की अगदीच ओबडधोबड काही लिहिण्यापेक्षा यातला कुठलाही नियम मोडा. हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून तेव्हाही गेलेलं असणार. मला हवं होतं तेवढंच मी वाचलं होतं.

वडिलांच्या पत्रातला दोषही आता मला नीट दिसतो. त्या पत्रात हॅज बीन असल्यानं आमचं नुकसान झालं नाही. कारण दिलेलं नव्हतं, दाद कुठे मागायची ते सांगितलेलं नव्हतं, यानं झालं. "अमुक अधिकाऱ्यानं तुमचा अर्ज नाकारला आहे" असं कर्तरी लिहिलं असतं तरी वडिलांनी ते तसंच घडी घालून ठेवलं असतं. त्या वेळी मी व्याकरणावर रागावण्याऐवजी परत जाऊन "कुणी आणि का?" असं विचारायला हवं होतं. आज मी मुलांना तेच सांगते. कर्मणी वाक्य दिसलं की खोडू नका, आधी "कुणी?" असं विचारून बघा. उत्तराची गरज नसेल तर वाक्य चांगलं आहे. गरज असेल आणि उत्तर नसेल, तर तिथे बोट ठेवा आणि विचारत राहा.

भिंतीवरचा नियम मी उतरवला. आता वर्तमान पूर्णकाळाचा कर्मणी प्रयोग शिकवायला मी वर्गाबाहेर नेते. शाळेचं फाटक दाखवते. "द गेट इज क्लोज्ड" म्हटलं की फाटक बंद आहे, एवढंच. "द गेट हॅज बीन क्लोज्ड" म्हटलं की ते उघडं होतं, कुणीतरी लावलं आणि आता लावलेलं आहे. मुलं मराठीत म्हणतात, "बाई, पहिलं बंद आहे, दुसरं लावलंय." बरोब्बर. मग पाण्याची टाकी भरलेली आहे, वर्ग झाडून झालाय, घंटा दुरुस्त केलेली आहे, अशी वाक्यं येत राहतात आणि त्यांची इंग्रजी रूपं मुलंच बनवतात. परीक्षेसाठी बाण अजून काढते, तो गुण मी त्यांच्याकडून हिरावून घेणार नाही. पण बाण शेवटी येतो, आणि तोवर त्यांना कळलेलं असतं की बाणाच्या दोन टोकांना दोन वेगवेगळी वाक्यं आहेत.

ती मुलगी आता शाळेत नाही. पाच वेळा लिहून आणलेलं ते चुकीचं वाक्य तिच्या हातात बसलं असेल का, हा विचार मला सोडत नाही. तिची माफी मागायला मी तिच्या घरी गेले तेव्हा ती शिकायला दुसऱ्या गावी गेलेली होती. तिच्या आईजवळ निरोप ठेवला, "तिचं वाक्य बरोबर होतं, बाईंचं चुकलं होतं, असं सांगा." आईला नीटसं कळलं नाही, पण तिनं निरोप दिला असणार.

माझं मत बदललं आहे. इंग्रजीत म्हणायचं तर, "माय माइंड हॅज बीन चेंज्ड." पाचांपैकी चार वाक्यांना कर्ता लागत नाही, हे मी वर सांगितलं. हे वाक्य त्या चारांतलं नाही, इथे बाय लिहायलाच हवं. नववीतल्या एका मुलीनं ते बदललं, तिनं एकदाच, हळू आवाजात सांगितलं होतं की ती घराबद्दल लिहिते आहे.